तबकडी आणि तारपा

इंग्लंडच्या ‘टॉक टॉक’ मंडळींनी १९८८ साली ‘स्पिरिट ऑफ ईडन’ ही तबकडी काढली. आधीची खपाऊ, नाचरी गाणी बाजूला सारून त्यांनी मंद, उदास, मध्येच मौन पाळणारे सूर धरले. या वळणाच्या संगीताला ‘पोस्ट-रॉक’ हे नाव सायमन रेनॉल्ड्स या टीकाकाराने १९९४ च्या सुमारास रूढ केले.

बोईसरला भाचा ती तबकडी लावतो, तेव्हा घरची मंडळी विचारतात, “गाणे सुरू केव्हा व्हायचे?” मला मात्र जव्हार-डहाणूकडचा तारपा आठवतो. वाळका दुध्या भोपळा, बांबू नि ताडपाने यांचे ते वाद्य. सूर न तोडता वादक फुंकत राहतो. नवे भात आले की वारली स्त्री-पुरुष त्याच्याभोवती रात्र रात्र फेर धरतात. चाल बदलली की पावलेही बदलतात. तबकडीपाशी असा फेर नाही, एकट्यानेच बसावे लागते. तेवढे उणेपण मला खटकते.