नाव तोंगमूचे, पान कुठले?

चिनी काळा चहा मागवायचा म्हणून आंतरजालावरच्या एखाद्या दुकानात शिरले की समोर नावांची रांग उभी राहते. लापसांग सूचोंग, कीमुन, युन्नान गोल्ड, जिन जुन मेई. शेजारी सोनेरी कळ्यांची छायाचित्रे, आणि एकाच नावाच्या दोन पाकिटांच्या किमतीत दसपट फरक! बाजारात आपण तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो, बांगड्याचे कल्ले उघडून पाहतो, नारळ कानाशी हलवून पाणी किती ते ऐकतो. इथे यातले काहीच करता येत नाही. हाती असते ते फक्त नाव.

गंमत अशी की, ही अडचण काही आंतरजालाने आणलेली नाही. चीनमधला सर्वसामान्य माणूस शतकानुशतके हिरवा चहा पिणारा. काळा चहा तिथे बनू लागला आणि वाढला तो मुख्यतः परदेशी पाठवण्यासाठी. मळा कधीही न पाहिलेल्या, दूरच्या गिऱ्हाइकासाठी बनलेला हा माल. त्यामुळे त्याचा इतिहास हा बराचसा नावांचाच इतिहास आहे. नावे कशी जन्मली आणि कशी झिजली हे ठाऊक असले, तर निवड करणे बरेच सोपे जाते.

आधी एक घोळ निस्तरू. काळा चहा म्हणजे आपला बिनदुधाचा कोरा चहा नव्हे. पाने खुडून, मलूल होऊ देऊन, चुरगाळून, हवेने पुरती तांबूस-काळी होऊ दिल्यावर वाळवली की तो काळा चहा. आपण रोज दूध घालून पितो तोही हाच. चिनी माणूस मात्र त्याला होंगछा, म्हणजे लाल चहा म्हणतो, कारण तो पानाकडे न पाहता पेल्यातल्या रंगाकडे पाहतो. चिनी भाषेत ज्याला खरोखर 'काळा' चहा म्हणतात तो निराळाच, मुरवलेला चहा. भाषांतरात हे दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून पाकिटावर 'होंगछा' शब्द आहे का ते पाहावे.

या लाल चहाचे मूळ गाव फूच्येन प्रांताच्या उत्तरेला, वूयी पर्वतातले तोंगमू. दंतकथा अशी की, मिंग राजवट कोसळून छिंग राजवट येत असताना एक सैन्य चहाच्या खुडणीच्या दिवसांत गावात उतरले. कामे थांबली आणि रात्रीतून पाने काळवंडली. माल फुकट जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी तो पाइनच्या लाकडावर घाईने वाळवून दूर विकला, आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईक तोच माल मागत परत आले. दंतकथेचे सोडा, पण सतराव्या शतकात इथला धुरकट चहा डच आणि इंग्रज जहाजांतून युरोपला जाऊ लागला, हे खरे. तोच लापसांग सूचोंग.

त्याचे चिनी नाव झंगशान शियाओझोंग. शियाओझोंग म्हणजे लहान जात, आणि झंगशान म्हणजे अस्सल डोंगरातला. 'अस्सल' हे विशेषण माणसाला कधी लावावे लागते? नक्कल बाजारात आली की! डोंगराबाहेरच्या नकलेला चिनी व्यापारी 'बाहेरच्या डोंगराचा' म्हणत. म्हणजे आज आपल्याला पडणारा प्रश्न त्या नावातच गोठून बसलेला आहे.

युरोपात वूयीचे 'बोही' झाले. मेहनतीने बनवलेल्या चहाचे 'काँगू' झाले, आणि कोवळ्या कळीवरच्या पांढऱ्या लवेचे 'पेको'. आज आसाम-दार्जिलिंगच्या पाकिटांवर 'ऑरेंज पेको' दिसते ते या फूच्येनच्या बोलीतूनच आलेले. फक्त आता तो लवेचा नव्हे, पानाच्या प्रतवारीचा शब्द आहे. 'सूचोंग'चेही तेच झाले. एका डोंगरातली जात होती, ती मोठ्या, जाडसर पानाची प्रत झाली.

सर्वांत करुण कहाणी बोहीची. अठराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्लंडात भारी चहाचे नाव होते. मागणी वाढली तसा कसलाही काळा चहा त्या नावाखाली जाऊ लागला. 1773 साली बोस्टनच्या बंदरात वसाहतवाल्यांनी 340 पेट्या चहा समुद्रात फेकला. त्यातल्या 240 पेट्या बोहीच्या होत्या. शतक संपेतो बोही म्हणजे सर्वांत हलका माल असा अर्थ रूढ झाला. भलत्याच झाडांची पाने रंगवून चहा म्हणून विकण्याविरुद्ध ब्रिटिश संसदेला 1777 मध्ये कायदा करावा लागला. गिऱ्हाइकाचे अज्ञान तरी केवढे! लिनियससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही 1762 मध्ये काळा चहा आणि हिरवा चहा या दोन वेगळ्या वनस्पती मानल्या होत्या. झुडूप एकच आहे, फरक फक्त कृतीचा, हे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमध्ये जाऊन पाहिले आणि 1840 च्या दशकात युरोपला सांगितले.

या चहाचे पैसे कोण भरत होते, तेही सांगायला हवे, कारण त्यात आपली माणसे आहेत. चीनला इंग्रजी मालाचे फारसे अप्रूप नव्हते. चहाच्या बदल्यात चांदी द्यावी लागे. त्यावर तोड म्हणून अफू आली. कंपनीची अफू बंगाल-बिहारची, पण तिच्या हाताबाहेरची अफू माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली. इंदूर-उज्जैनचे सावकार ती उंटांवरून लांबच्या वाटेने पोर्तुगीजांच्या दमणला पोचवीत आणि तिथून ती चीनला जाई. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय आणि गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया हे या धंद्यातले मोठे मोहरे. इस्पितळे आणि विद्यालये उभी राहिली त्या दानधर्मामागे हाही पैसा होता. अफूच्या युद्धाअंती 1842 च्या नानकिंग तहाने चीनला पाच बंदरे उघडावी लागली, त्यातली दोन चहाच्या फूच्येन प्रांतातली. नुसता चव-वास पाहून हा इतिहास बाजूला सारता येत नाही.

पण इंग्रजांना तेवढ्याने समाधान नव्हते. आसामचा चहा 1839 मध्येच लंडनच्या लिलावात पोचला होता. पुढे कंपनीसाठी फॉर्च्यूनने चिनी रोपे आणि कारागीर हिमालयाच्या पायथ्याशी आणले. 1880 चे दशक संपता संपता ब्रिटनमध्ये हिंदुस्थानी चहाची आयात चिनी चहापेक्षा जास्त झाली. दूरचे गिऱ्हाईक हातचे जाऊ लागले, आणि या चढाओढीच्या काळातच चीनमध्ये नवे काळे चहा जन्मले.

आन्ह्वी प्रांतातला छीमन तालुका मुळात हिरव्या चहाचा. 1875 च्या सुमारास तिथे काळा चहा बनू लागला. फूच्येनमध्ये नोकरी गेलेला यू गानछेन नावाचा एक अधिकारी गावी परतला आणि त्याने तिथली कृती इकडे आणली, असे सांगतात. स्थानिक लोक हू युआनलोंगला मान देतात. सरकारी नोकराच्या बडतर्फीतून इतकी सुगंधी गोष्ट निपजल्याचे दुसरे उदाहरण निदान आमच्या कचेरीत तरी कोणाला आठवणार नाही! हाच कीमुन. याचे पान बारीक, घट्ट वळलेले आणि काळेभोर. त्यात सोनेरी कळ्या थोड्याच असतात. पाकिटावर 'कीमुन' आणि चित्रात पिवळ्याधमक कळ्यांचा ढीग दिसला, तर ती पारंपरिक तऱ्हा नव्हे एवढे ओळखावे.

युन्नानचा दिआन होंग त्याहून तरुण. 1937 मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली आणि पूर्वेकडचे चहाचे प्रदेश व बंदरे एकेक करून हातची गेली. परकीय चलन तर हवेच होते. म्हणून 1938 मध्ये फेंग शाओछिऊ या चहातज्ज्ञाला दूर नैर्ऋत्येला, आज फंगछिंग म्हणतात त्या तालुक्यात पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी तिथला काळा चहा बाहेर पडला. युन्नानचे झाड मोठ्या पानाचे, आसामच्याच जातीचे. त्यामुळे आपल्या जिभेला तो लवकर ओळखीचा वाटतो. त्याच्या कळ्यांवरची लव कृतीत सोनेरी होते, तेव्हा सोने इथे शोभते.

शेवटचे नाव जिन जुन मेई. हे प्राचीन वाटते, पण त्याचा जन्म 2005 चा, तोच तोंगमूचा. धूर न देता, नुसत्या कळ्यांचा बनवलेला चहा. अर्धा किलोला पन्नास हजारांच्या आसपास कळ्या लागतात. आणि या वेळी गिऱ्हाईक लंडनचे नव्हते, बीजिंगचे धनिक होते. किंमत आकाशाला भिडली तशी नक्कलही वाढली. नावावर हक्क कोणाचा, हा वाद न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये बीजिंगच्या उच्च न्यायालयाने जिन जुन मेई हे एका प्रकारच्या चहाचे सर्वसामान्य नाव ठरवले. म्हणजे ते नाव कोणीही लावू शकतो. बोहीला झिजायला शंभर वर्षे लागली, याला आठ पुरली.

तेव्हा आंतरजालावर चहा निवडताना नावाच्या पलीकडचे वाचावे. प्रांत नव्हे, तालुका आणि गाव लिहिले आहे का? खुडणी कोणत्या वर्षाची, कोणत्या ऋतूची? कीमुन वसंतातला असला तर उत्तम. लापसांग असेल तर धूर दिलेला की बिनधुराचा, कारण दोन्ही मिळतात आणि चव अगदी वेगळी. धूर इतका की डांबराचीच आठवण यावी, असा माल बहुधा बाहेरच्या डोंगराचा. 'तोंगमूचा जिन जुन मेई' अगदी स्वस्तात मिळत असेल, तर कळ्यांचा हिशेब करावा. इतक्या कळ्या वेचणाऱ्या हातांना त्या किमतीत काय मिळाले असेल? जो विक्रेता 'तोंगमूच्या पद्धतीचा, पण शेजारच्या तालुक्यातला' असे सरळ लिहितो आणि दाम बेताचा लावतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा.

आणि पहिल्यांदा 25 ग्रॅमच मागवावा. पाकीट आले की पान पांढऱ्या बशीत पसरावे, दूध-साखरेवाचून एक पेला करावा, आणि उरलेले भिजलेले पान उलगडून पाहावे. कळी, कोवळे पान की नुसता चुरा, हे तिथे उघड दिसते. लंडनच्या त्या जुन्या गिऱ्हाइकालाही एवढे करणे शक्य होते. बहुतेकांनी नावावर भागवले, आणि बोहीचे काय झाले ते आपण पाहिलेच.