यंत्रावरचा आळ

हृदय थांबवून माणूस जिवंत ठेवता येतो, हे ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात सिद्ध झाले. डॉ. जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील पडद्याचे भोक बुजवले आणि तेवढी सव्वीस मिनिटे तिचे रक्त एका यंत्राने खेळते ठेवले. या यंत्रासाठी गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी वर्षानुवर्षे मांजरांवर प्रयोग केले होते. पुढे १९६७ साली क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातील नीला काढून तुंबलेल्या हृदयधमनीला वळसा देणारी वाट जोडली, आणि ‘बायपास’ हा शब्द हळूहळू घरोघर पोहोचला.

रुग्ण वाचू लागले. पण घरची माणसे कुजबुजू लागली, ‘आले खरे, पण पूर्वीचे राहिले नाहीत.’ नावे आठवत नाहीत, हिशेब चुकतो, वाचलेले ध्यानात राहत नाही. इस्पितळांतून अशा रुग्णांना ‘पंपहेड’ असे नाव पडले. मला तो शब्द निर्दय वाटतो. संशय अर्थातच यंत्रावर. नळ्यांतून फिरताना रक्तात शिरलेले हवेचे बुडबुडे, महाधमनीला चिमटा लावताना सुटलेले कण मेंदूत जाऊन अडकत असतील, ही शंका काही पोकळ नव्हती. २००१ साली ड्यूक विद्यापीठाने २६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: घरी जाताना ५३ टक्क्यांची बुद्धी मंदावलेली, सहा महिन्यांनी २४ टक्क्यांची, आणि पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्क्यांची!

मग यंत्रच टाळले तर? लेनिनग्राडला कोलेसोव यांनी १९६४ मध्येच धडधडत्या हृदयावर असे जोडकाम केले होते. हॉलंडमध्ये २८१ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले गेले. तीन महिन्यांनी बुद्धी मंदावलेले यंत्राविना २१ टक्के, यंत्रावर २९. वर्षाने ३१ आणि ३४. पाच वर्षांनी दोन्हीकडे जवळजवळ निम्मे.

यंत्र गेले, विसराळूपणा राहिला.

ड्यूकच्या आकड्यांना मोजपट्टीच नव्हती, असे माझे मत आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या हृदयरोग्यांचे त्याच काळात काय होते, हे त्यात पाहिलेले नव्हते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते सहा वर्षे पाहिले, आणि दोघांची घसरण सारखीच निघाली. ज्याच्या हृदयाच्या धमन्या कडक झाल्या, त्याच्या मेंदूच्या कोवळ्या राहतील कशा? पहिल्या काही आठवड्यांतला गोंधळ मात्र खरा, आणि बहुतेकांचा तो ओसरतो. महाधमनीतून सुटणाऱ्या कणांचे भयही खरेच. म्हणून चिमटा कोठे लावावा हे ठरवण्यासाठी आज कित्येक शल्यविशारद आधी ध्वनिलहरींनी तिची भिंत तपासून घेतात.