बदली कामगार
मुंबईच्या कापडगिरण्यांत गैरहजर कायम कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा कामगार. पाळीचा भोंगा होण्याआधी बदलीवाले गिरणीच्या दारात उभे राहत. आत कोणाला घ्यायचे, हे बराच काळ जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम ठरवी. भरतीच त्याच्या हाती, त्यामुळे गाववाल्यांची नि नातलगांची वर्णी आधी लागे. वर त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, मोजावी लागे ती वेगळीच. रत्नागिरी-साताऱ्याकडचे कितीतरी लोक याच वाटेने गिरणीत चिकटले. जॉबरची ही मक्तेदारी मोडण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण योजना आणली. तरी खाडे कमी असले की बदलीवाला भरल्या डब्यासकट चाळीत परत येई. बदलीवाल्यांना कायम करा, ही १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपातलीही एक मागणी होती.