बंदराची भिंत आणि बंदराचे गाणे

आजचा विषय मुंबई बंदराचा आहे, तरी सुरुवात आम्ही ठाण्याच्या तुरुंगापासून करणार आहोत. वर्तकनगरातून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर असलेले ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणजे मूळचा किल्ला, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असेलच. 1815 साली गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरात खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि इंग्रजांनी त्यांना ताब्यात घेऊन या किल्ल्यात ठेवले. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा. देशी शिपाई फितूर होईल ही भीती! तर हकिगत अशी सांगतात की एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार म्हणून राहिलेला मराठा गडी रोज खिडकीखाली घोड्याला खरारा करायचा आणि करता करता गाणे म्हणायचा. सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यात होता. पहारेकरी गाणे ऐकत होते, पण मराठी त्यांना कळत नव्हते. 1816 च्या सप्टेंबरात त्रिंबकजी पसार झाले. पुढे बिशप हेबर इकडून गेला तेव्हा त्याने ही गोष्ट आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. तिच्यात तिखटमीठ किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे, की लोकांना ही गोष्ट सांगावीशी वाटली. ज्याच्या हातात पहारा आहे त्याच्या कानावर पडूनही त्याला न समजणारे गाणे, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

बंदर म्हटले की आपण लगेच म्हणतो, नाना देशांचे लोक आले, संस्कृती मिसळल्या, म्हणून कला बहरली. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे हेच शिकवत होतो. आता ते आम्हाला पुरेसे वाटत नाही. ठाणे स्वतः जुने बंदर. मार्को पोलोने त्याचा उल्लेख केलाय, इथल्या समुद्री चाच्यांसकट. कल्याणचे नाव तर ‘पेरिप्लस’मध्ये आहे, म्हणजे पहिल्या शतकात. मिसळ तिथेही होतीच की! मग बंडखोर गाणे गिरणगावात का उभे राहिले? नुसत्या मिसळण्याने ते होत नाही. आमच्या मते बंदरावरच्या कामाची जी रीत होती, तिच्यात याचे उत्तर आहे.

ती रीत पाहू. 1668 मध्ये मुंबई बेटे कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने मिळाली. 1853 ला रेल्वे आली ती बोरीबंदर ते ठाणे. नावातच बंदर आहे बघा. 1854 मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली. मग 1861 ते 65 अमेरिकेतले यादवी युद्ध, कापसाचा भाव आभाळाला, शहरात पैशाचा पूर. पाठोपाठ गोद्या: ससून डॉक 1875, प्रिन्सेस 1880, व्हिक्टोरिया 1888, अलेक्झांड्रा 1914. या गोद्यांना रोज सारखी माणसे लागत नाहीत. जहाज आले की हजार हात हवेत, नाही आले की एकही नको. म्हणून मजूर पक्का ठेवायचाच नाही, दारात उभा ठेवायचा. टोळीवाला किंवा मुकादम सकाळी येणार, बोट दाखवून माणसे निवडणार, बाकीचे घरी. गोदी कामगारांना नोंदणीचे संरक्षण देणारा कायदा यायला 1948 उजाडले.

हे दारात उभे राहिलेले लोक कोण? कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलेले आणि घाटावरून रेल्वेने आलेले. बायका-पोरे गावी. दहा-पंधरा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. त्यांच्याबरोबर नमन आले, शक्ती-तुरा आला, भजन आले, डफ-तुणतुणे आले. आणि बंदरातून उतरलेली युरोपातली हार्मोनियम आपल्या भजनात अशी काही बसली की ती परकी आहे हे सांगूनही पटत नाही.

एकट्या पुरुषांचे शहर म्हटल्यावर लावणी आलीच. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून तमाशात आले, पवळाबाईंबरोबर फड गाजवला. त्यांनी मुंबईवर लावणी रचली, तिच्यात शहराची ऐट आहे, दिमाख आहे. त्याच मुंबईवर अण्णा भाऊ साठ्यांनीही लावणी लिहिली. तिच्यात वरच्या वस्तीतला माणूस आणि उपाशी माणूस शेजारी शेजारी आहेत. दोन्ही लावण्याच, पण पहिली शहराकडे पाहुणा म्हणून बघते आणि दुसरी हमाल म्हणून. आम्हाला विचाराल तर मराठी शहरी जाणिवेचा इतिहास या दोन लावण्यांच्या मधल्या जागेत लिहिता येईल.

अण्णा भाऊ 1920 मध्ये वाटेगावात जन्मले. लहानपणी कुटुंबाबरोबर पायी मुंबईला आले, पडेल ती कामे केली, गिरणीत राबले आणि पुढे घाटकोपरच्या चिराग नगरात राहिले. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. त्यांनी तमाशाच्या साच्यात काय केले हे नीट समजून घ्या, कारण तिथेच खरे बंड आहे. गण, गौळण, बतावणी, वग हा ठरलेला क्रम. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि राबणाऱ्यांना वंदन आले. कृष्ण-गौळणींची छेडछाड गेली. वगातला राजा गेला, त्या जागी सावकार आला. ढोलकी मात्र तीच! श्रोता ओळखीच्या घरात शिरतो आणि आत बघतो तर सामान बदललेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा याच मंडळींनी ‘लोकनाट्य’ म्हणून उभे राहायला सुरुवात केली. नाव बदलले की पहारेकऱ्याला कळत नाही, हे ठाण्याच्या मोतद्दाराला आधीच माहीत होते.

इथे एक फाटा फोडतो. हे फक्त मराठीतच झाले असे समजू नका. गोव्याचे खलाशी धोबीतलाव-गिरगाव भागात गावागावांच्या ‘कुडां’मध्ये राहायचे. त्यांच्या कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग, ‘इटालियन बुर्गो’, 17 एप्रिल 1892 ला झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. तियात्रातली कांतारां सत्ताधाऱ्यांची टर उडवण्यासाठी आजही प्रसिद्ध आहेत. बोट चुकलेला खलाशी आणि पाळी चुकलेला हमाल एकाच शहरात बसले होते.

आता भिंतीकडे येऊ. मुंबईतल्या भिंतीवरच्या बंडाची गोष्ट सांगताना हल्ली परदेशी चित्रकारांपासून सुरुवात करतात. आम्ही 1 डिसेंबर 1945 पासून करतो. त्या दिवशी नौदल दिन होता. कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन शिकवणाऱ्या तळावर लोकांना नौदलाचा थाट दाखवायचा होता. सकाळी पाहतात तर भिंतींवर इंग्रजांनी चालते व्हावे, बंड करावे अशा घोषणा रंगवलेल्या. बलाईचंद्र दत्त आणि त्यांच्या साथीदारांचे हे काम. पुढच्या फेब्रुवारीत वरिष्ठ सेनापती येणार म्हणून पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी दत्त पकडले गेले. 18 फेब्रुवारी 1946 ला निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्याच्या शिव्या यांवरून खलाशांनी अन्नावर बहिष्कार घातला. पाहता पाहता सत्तरहून अधिक जहाजे आणि सुमारे वीस हजार खलाशी उठावात सामील झाले. 22 तारखेला गिरणी कामगारांनी संप केला. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. दुसऱ्या दिवशी खलाशांनी शरणागती पत्करली.

या प्रकरणात आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे जाते. डब्यातला रंग आणि हातातला ब्रश ही खलाशाची रोजची हत्यारे. जहाज गंजू नये म्हणून ते सतत रंगवावे लागते. मालकाची वस्तू चकचकीत ठेवणारा हात एका रात्री त्याच कौशल्याने मालकाच्या भिंतीवर लिहितो. अण्णा भाऊंनी ढोलकीचे केले तेच हे. हत्यार बदलायचे नाही, फक्त कोणासाठी चालवायचे ते बदलायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरणगावच्या भिंती गेरू-चुन्याने भरल्या आणि मैदाने अमर शेखांच्या आवाजाने. 1969 साली अण्णा भाऊ 18 जुलैला आणि अमर शेख 29 ऑगस्टला गेले. सहा आठवड्यांत दोघे. नंतर सूत्र दुसऱ्यांच्या हाती आले. वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे. मुंबईत मजुरी करत शिवडीला राहिले आणि मोठेपणी तिथेच अक्षर शिकले. शिवडी म्हणजे बंदराची मागची बाजू. 1972 ला नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ आले, त्याच वर्षी दलित पँथर. ती गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे, तिला घाईत हात लावायला नको.

विलास घोगरे मात्र आज सांगायलाच हवेत, कारण ते आपल्या उंबरठ्यावरचे, मुलुंडचे. गरीब वस्तीत राहून झोपड्या तुटण्यावर, भुकेवर गाणारे शाहीर. आनंद पटवर्धनांच्या 1985 च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांचा आवाज आहे. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. जाण्यापूर्वी घरातल्या फळ्यावर त्यांनी शेवटचे शब्द लिहिले. आयुष्यभर गाणाऱ्या माणसाला शेवटी लिहावेसे वाटले. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) तिथूनच सुरू होतो. तो पाहिला नसेल तर जरूर पाहा, तीन तासांचा आहे पण पाहा.

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. माणसे हळूहळू ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. गाणेही सरकले. सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवणारी मंडळी म्हणजे चाळीतल्या खोलीची चाके लावलेली आवृत्ती, असे आम्हाला दर वेळी वाटते. आणि धारावी-कुर्ल्याच्या पोरांनी रॅप धरले. आमच्या वयाच्या लोकांना ते आधी गोंगाट वाटले, हे कबूल करतो. नातवंडांनी बसवून ऐकवले तेव्हा लक्षात आले की यात शक्ती-तुऱ्याचा सवाल-जवाब आहे.

2019 मध्ये ‘स्वदेशी’ या रॅप गटाने ‘द वारली रिव्होल्ट’ केले, आरेच्या आदिवासी पाड्यातले प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरात आरेतली झाडे रात्रीतून कापली गेली. गाण्याने झाडे वाचली नाहीत. पण नावातली ‘रिव्होल्ट’ कुठली? ती तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातली, 1945 ची, वेठबिगारीविरुद्धची. तिच्याआधी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती, गोदावरी परुळेकर तिथे होत्या, आणि वारली शेतमजूर आले होते. टिटवाळ्याला आपण सगळे गणपतीला जातो. त्या परिषदेची आठवण किती जणांना आहे?

2017 मध्ये ससून डॉकच्या भिंती मोठ्या प्रकल्पाने रंगवल्या, कोळणींचे चेहरे गोदीवर झळकले. काम देखणे होते. दत्तांनी मात्र परवानगी काढली नव्हती, हा फरक आम्ही विसरू शकत नाही. आणि आता ठाण्यात उड्डाणपुलांच्या खांबांवर वारली नाच रंगवलेला दिसतो. मूळ वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, आणि त्या वेळी धवलेरी गात असते. चित्र आणि गाणे एकाच कामाचे दोन भाग. खांबावरच्या चित्राशेजारी कोण गाते, हे पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल तेव्हा जरा बघा.

आता पाणी पिऊन प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.