माळवद, भूकंप आणि संगणकावरचा नकाशा



इतिहासाच्या मालिकेत आजचा विषय जरा आडवाटेचा वाटेल. घर बांधायचं, किंवा जुन्या घरात फेरफार करायचे, म्हटलं की आता लोक आधी मोबाईल नाहीतर संगणक उघडतात. प्लॉटची मापं टाकायची, खोल्या मांडायच्या, भिंत बोटानं इकडून तिकडे सरकवायची. घर चारी बाजूंनी फिरवून बघता येतं, रंगसुद्धा देऊन बघता येतो. यात इतिहास कुठे आला, असं कोणी विचारेल. पण आपण ज्या धाराशिव जिल्ह्याविषयी बोलणार आहोत, तिथे तीस वर्षांपूर्वी हजारो कुटुंबांची घरं कागदावर आखली गेली आणि ज्यांना त्यात राहायचं होतं त्यांच्या हाती पेन्सिल नव्हती. आणखी एक. नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. त्या दोन रेषांच्या मध्ये काय आहे, हा प्रश्न याच भागात माणसांच्या जिवावर बेतला होता. आपला आजचा विषय म्हणजे या दोन रेषा.

सुरुवात माळवदापासून करू. उमरगा, लोहारा, औसा या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. त्याचा नकाशा कोणी कागदावर काढत नसे, पण नकाशा होता. त्याचं एकक म्हणजे खण. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. 'त्यांचं तीन खणांचं माळवद आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा आकार, लागलेलं लाकूड आणि मालकाची ऐपत, सगळं एका दमात कळायचं. खण केवढा असावा हे तुळईला मिळणाऱ्या लाकडावर ठरायचं. जेवढं ते लाकूड पेलेल तेवढा खण. म्हणजे त्या मापातच वजनाचा हिशोब होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाकीची मांडणी सवयीनं ठरलेली. ढेळजेतून आत आलं की अंगण, अंगणाभोवती सोपा, आत माजघर, भिंतीत धान्याचं बळद, एका अंगाला गोठा. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यायचा अंगणातून, आणि माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून. आखणी जागेवरच, सुतळी लावून आणि फक्की टाकून. घरची बाई त्या आखलेल्या जागेत उभी राहून सांगू शकायची, की इथे चूल ठेवली तर धूर माजघरात येईल. आजच्या भाषेत हा एकास एक प्रमाणाचा नकाशा. (शास्त्री बोलावले तर तेही लांबी-रुंदीच्या गुणाकाराला आठानं भागून उरलेल्या बाकीवरून 'आय' काढायचे: ध्वज, धूम, सिंह वगैरे. संगणकवाले ज्याला अल्गोरिदम म्हणतात ते आपल्याकडे पंचांगासोबत नांदत होतं. त्या आयावर घर उभं राहायचं की नाही, तो वेगळा मुद्दा.)

आता भिंत. काळ्या दगडाची, मातीच्या चिखलात बांधलेली, दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. बाहेरून बघितली तर किल्ल्याची वाटावी. पण ती एक भिंत नसायची. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, ज्याला इंजिनिअर थ्रू स्टोन म्हणतात, तो बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर लाकडी कड्या, त्यावर किलच्या, त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला माळवदावर नवी माती पडायची, जुनी कोणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचं ओझं असं वाढत गेलं. घर उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणही नव्हतं. शासनाच्या भूकंप-नकाशावरही हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपतींचं विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यमच. तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची गावंही तशीच जमीनदोस्त झाली. भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. तपासणाऱ्यांना कित्येक ठिकाणी असं दिसलं, की दगडी भिंती पडल्या आहेत आणि खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मात्र उभा आहे. खणाचा हिशोब टिकला, भिंतीचा नाही टिकला.

यानंतर जे झालं ते आपल्या विषयाचं गाभ्याचं प्रकरण आहे. महाराष्ट्र शासनानं जागतिक बँकेच्या कर्जासह मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. घराचं माप कसं ठरलं? जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. घरात माणसं किती, जनावरं किती, बाज कुठे टाकायची, याला त्या तक्त्यात रकाना नव्हता. घाई होती हे मान्य. हजारो लोक पत्र्याच्या शेडमध्ये बसलेले असताना प्रत्येक कुटुंबाशी चर्चा करत बसा असं म्हणणं सोपं नव्हतं. तरीही नकाशे बघितले की एक गोष्ट खटकते. सरळ रुंद रस्ते, चौकोनी गट, एकसारख्या ओळी. शहराच्या कॉलनीचा आराखडा गावावर ठेवलेला. नवी गावं जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. भावकी आणि शेजार जमिनीच्या गटाप्रमाणे वेगवेगळ्या ओळींत विखुरले.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे दोन माणसं आठवल्याशिवाय राहत नाहीत. देकार्तनं १६३७ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं होतं, की हळूहळू वाढलेल्या वेड्यावाकड्या जुन्या नगरांपेक्षा एकाच माणसानं मोकळ्या मैदानावर आखलेलं नगर अधिक नेटकं असतं. ॲरिस्टॉटलचं म्हणणं उलट्या बाजूचं. घर चांगलं की वाईट हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं, जसं जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. ५२ गावांच्या आखणीत देकार्त जिंकला. पण लोक राहायला गेल्यावर त्यांनी ॲरिस्टॉटलची बाजू घेतली, त्याचं नाव न ऐकता. घरापुढे भिंत घालून अंगण काढलं, पत्रे टाकून गोठा केला, चूल बाहेर आणली. संडासाची खोली पुष्कळांनी सरपण-सामान ठेवायला वापरली. नकाशात जे राहून गेलं होतं ते सगळं एकेक करून बांधकामात परत आलं.

ज्या गावांत घरं तडकली होती पण पडली नव्हती, तिथली गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते, कारण आज आपण ज्याला रिनोव्हेशन म्हणतो तेच तिथे मोठ्या प्रमाणावर झालं. नुकसानीप्रमाणे १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, आणि काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत हजारावर गावांत स्थानिक बायका 'संवाद सहायक' म्हणून उभ्या राहिल्या. कनिष्ठ अभियंता काय म्हणतो ते घराला समजावायचं, घराची अडचण अभियंत्याला सांगायची, गवंडी पट्टा नीट घालतोय का ते बघायचं. गावच्या बाईनं बांधकामाची तपासणी करावी, ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

जुन्या भिंती बळकट करायची पद्धतही तयार झाली होती. भिंतीतून एकेक दगड अलगद काढून आरपार भोक करायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर शिवल्यासारखे होतात. माळवदावरची जादा माती उतरवायची. कोपरे बांधायचे. हे सगळं स्वस्तात होण्यासारखं होतं. पण पुष्कळ लोकांनी ते केलंच नाही. मिळालेल्या पैशांत जुन्या घराच्या शेजारी सिमेंटची एक छोटी खोली बांधली आणि जुनं घर होतं तसंच ठेवलं. त्यांना दोष देता येत नाही. ज्या दगडानं घरातली माणसं मारली त्यावर पुन्हा भरवसा कसा ठेवणार? आणि दुरुस्ती दिसत नाही, खोली दिसते.

आता संगणकाकडे येऊ. १९६३ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडनं 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाश-लेखणीनं रेषा काढायची आणि यंत्राला ती 'कळायची'. या सगळ्या सॉफ्टवेअरचा हा मूळपुरुष. गंमत अशी, की सदरलँडनं दिलेल्या उदाहरणांत पूलही होता. पुलाचा सांगाडा काढला, भार दिला, की कुठल्या दांड्यावर किती ताण येतो ते आकडे पडद्यावर येत. म्हणजे जन्माच्या वेळी या यंत्राला आकारही समजत होता आणि वजनही. आपल्या खणासारखंच.

पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं आणि ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर हळूहळू अडगळीत गेले. २००० मध्ये स्केचअप आलं, २००६ मध्ये गुगलनं ते विकत घेऊन एक आवृत्ती फुकट दिली. त्याच वर्षी फ्रान्समधून 'स्वीट होम थ्रीडी' आलं, तेही मोफत. या दोन गोष्टींनी पेन्सिल खऱ्या अर्थानं घरमालकाच्या हातात दिली, आणि हे चांगलंच झालं यात आम्हाला शंका नाही. १९९४ साली एखाद्या कुटुंबाला आपल्या २५० चौरस फुटांत चूल, बाज आणि दार कुठे असावं हे असं मांडून दाखवता आलं असतं, तर कनिष्ठ अभियंत्याशी निदान बरोबरीनं बोलता आलं असतं. सामानाच्या तयार यादीत सोफा, डबल बेड, फ्रिज असतो, कणगी आणि तुळशीवृंदावन नसतं, ही तक्रार खरी, पण किरकोळ. एक चौकोन काढून त्याला कणगी म्हणता येतं.

मोठी उणीव दुसरी आहे. सोपेपणा आणताना या घरगुती सॉफ्टवेअरनी वजन टाकून दिलं. स्केचअपमध्ये भिंत म्हणजे नुसते पृष्ठभाग, आत पोकळ. दुसरीकडे भिंतीची जाडी हा एक आकडा, सहा इंच लिहा की दोन फूट. रेव्हिटसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचे थर सांगता येतात, पण ती इंजिनिअरांची साधनं, घरमालकाची नव्हेत. त्यामुळे पडद्यावर भिंत पुसली तर वरचा स्लॅब हवेत तसाच राहतो. दगडमातीच्या भिंतीत कोपऱ्याजवळ मोठी खिडकी काढली तरी काही पडत नाही. सास्तूरला जे पडलं ते तिथे कधीच पडत नाही.

हे आज का सांगायचं? भूकंपानंतर बांधलेल्या घरांना आता तीस वर्षं होत आली, कुठे झाली. मुलं वेगळी झाली, नातवंडं आली, २५० चौरस फूट कोणाला पुरणार? म्हणून घरं वाढताहेत, बाजूला आणि वर. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान माप २५ चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम २६९ चौरस फूट. तेव्हाच्या सर्वांत लहान घराहून दोन हातरुमाल मोठं! तेही वाढणारच. आणि वाढीचा नकाशा आता फोनवर ठरतो, पुढचं इलेव्हेशन सगळ्यांत आधी. दरम्यान हा भाग भूकंप-नकाशावर तिसऱ्या विभागात गेला आहे.

तेव्हा फोनवर नकाशा जरूर करा. खोल्या, दारं, उजेड, चुलीची जागा, सगळं घरातल्या बायकांना बसवून करा, कारण तो भाग त्या सॉफ्टवेअरला आणि त्यांना दोघांनाही चांगला जमतो. पण भिंत काढायची, खिडकी मोठी करायची किंवा वर मजला चढवायचा असेल, तर इंजिनिअरला पडद्यावरचं चित्र दाखवून थांबू नका. पुनर्वसनातलं घर असेल तर त्याचा पाया एका मजल्याचा की दोन, हे आधी विचारा. दारा-खिडक्यांच्या वर घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, ते एका ठिकाणी गिलावा खरवडून बघा. जुनी दगडी भिंत असेल तर कोपऱ्याजवळचे दोन-तीन दगड गवंड्याकडून जपून काढून घ्या आणि आत हात घालून बघा, दगड लागतो की नुसती माती.