सहाशे-सोळाचा इतिहास

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टायरचं दुकान आहे. उसाच्या हंगामात टायरगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बाकीच्या दिवसांत जुन्या जीप, थार, गुरखा, जिम्नी. डोंगरात गाडी घालणारी तरुण पोरं येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, अठराची डिस्क बसेल का?" मी विचारतो, "गाडी जाणार कुठं?" या प्रश्नामागे या धंद्यात मुरलेल्या आमच्या आबांची शिकवण आहे आणि चाकाचा जुना इतिहासही आहे. ज्यांनी ज्यांनी वाट नसलेल्या जागी गाडी चालवून दाखवली, त्यांनी आधी जमीन पाहिली, मग हवा, मग चाकाची उंची. डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडाचा, विचार त्यांनी शेवटी केला.

हवेचा टायर येण्याआधी सगळं काम उंचीला करावं लागे. आपल्याकडच्या बैलगाडीचं लाकडी चाक माणसाच्या छातीला लागेल इतकं मोठं असे. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि बाहेरून लोहाराने तापवून बसवलेली लोखंडी धाव. चाक जेवढं मोठं, तेवढं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर चढताना बैलांना ओढ कमी लागते. पण धाव अरुंद आणि कडक. पावसाळ्यात ओल्या रानात भरलेली गाडी रुतली की बैलांची दमछाक ठरलेली.

जॉन बॉइड डनलॉपने १८८८मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तरी मोटारींनी सुरुवातीला जुन्या लाकडी चाकाचीच नक्कल केली. फोर्डच्या मॉडेल टीला लाकडी आऱ्यांची उंच चाकं होती. मागच्या टायरचं माप ३० × ३½, म्हणजे बाहेरून तीस इंच उंच आणि रुंदीला जेमतेम साडेतीन. आत डिस्कचा व्यास २३ इंच. एवढ्या बारीक टायरने वजन पेलायचं तर हवा दर चौरस इंचाला साठ पौंडांच्या आसपास ठासून भरावी लागे. हवा होती खरी, पण ती दगडासारखी कडक होती.

१९२३मध्ये फायरस्टोनने कमी दाबाचा फुगीर 'बलून' टायर आणला आणि मग पुढच्या बारा वर्षांत जे झालं ते मला चाकाच्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं पान वाटतं. फोर्डच्याच गाड्या बघा. १९२८च्या मॉडेल एला ४.५०-२१ (आधी टायरची रुंदी, मग डिस्क, दोन्ही इंचांत), १९३०ला ४.७५-१९. मग १९३२ला १८ इंच, १९३३ला १७ आणि १९३५ला ६.००-१६. डिस्क २३ इंचांवरून १६वर आली, सात इंच लहान झाली, पण चाकाची बाहेरची उंची कशीबशी दोन इंचच उतरली. मधली जागा हवेने घेतली. टायर जाड होत गेला आणि लोखंड आक्रसत गेलं. आमच्या धंद्यात अजून ज्याला सहाशे-सोळा म्हणतात, तो असा जन्माला आला.

त्याच काळात या हवेची खरी परीक्षा इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात चालू होती. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी सुट्ट्यांमध्ये मित्रांबरोबर फोर्ड गाड्या घेऊन वाळूच्या टेकड्यांत शिरायचा, आधी मॉडेल टी घेऊन, नंतर मॉडेल ए. मऊ वाळूत गाडी रुतली की चाकाखाली पोलादी पट्ट्या घालायच्या, हे त्यांनी बसवलं. त्याहून मोठा धडा असा, की वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची. हिशोब साधा आहे. गाडीचं वजन हवेवर तोललेलं असतं. ११०० किलोची गाडी तीस पौंड हवेवर उभी असेल, तर चार टायर मिळून ढोबळमानाने ८० चौरस इंच जमीन धरतात. पंधरा पौंडांवर तोच आकडा १६० होतो. टायर खाली पसरतो, मुख्यतः लांबीत, आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी निघते. १९४०मध्ये बॅग्नोल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. पुढे भारतीय सैनिकांची इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रनही त्याला जोडली गेली. या ग्रुपने शेकडो मैल वाळवंट तुडवलं ते बऱ्याच अंशी शेव्हरोलेच्या दीड टनी ट्रकांवर, आणि ते ट्रक फोर व्हील नव्हते, फक्त मागच्या चाकांवर चालत होते. रुंद टायर, कमी हवा आणि जमीन वाचणारा ड्रायव्हर, एवढ्यावर त्यांनी काम भागवलं.

दुसऱ्या महायुद्धात आणखी एक गोष्ट लष्करांना पटली. रस्त्यावरच्या ट्रकाला मागे जोडचाकं ठीक, पण वाळूत-चिखलात ती नडतात. पुढचं चाक एक चर पाडतं आणि मागच्या जोडीला स्वतःसाठी नवी वाट फोडावी लागते. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकतो, तो वेगळाच. म्हणून कॅनडात बनलेल्या लष्करी ट्रकांना मागेही एकेरी मोठा टायर दिला गेला: पंधरा हंड्रेडवेटला ९.००-१६, तीसला १०.५०-१६, तीन टनीला १०.५०-२०. मागचं चाक पुढच्याच चरातून धावायचं.

विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धात सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या, त्यांना मिळाला तो सहाशे-सोळा. बाजारात आधीपासून चालणारं माप, त्यावर मागेपुढे सारखीच पकड देणारी नक्षी. १९४५मध्ये युद्ध संपलं आणि विलीजने शेतकऱ्यांसाठी जीप काढली. तिला नांगर ओढायचा होता. तरीही चाक तेच ठेवलं. बदललं ते एक्सलमधलं क्राउन-पिनियन: लढाईतल्या जीपचं प्रमाण ४.८८, शेतीच्या जीपचं ५.३८. ओढ वाढवायला त्यांनी दाते बदलले, चाकाला हात लावला नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

मुंबईत माझगावला महिंद्रांनी १९४९मध्ये जीप जोडायला घेतली आणि हे माप आपल्या मातीत आलं. आबा या धंद्यात आले ते सरकारी खात्यांच्या जीपांचे टायर बदलत. ते सांगत, दाजीपूरच्या जंगलात लाल चिखलाखाली जांभा असतो. तिथे सहाशे-सोळासारखा अरुंद टायर हवा. तो चिखल कापून खाली जातो आणि जांभ्याला पाय लावतो. पंचगंगेच्या काठच्या मळीच्या रानात मात्र खाली कडक तळच नाही. तिथे तोच टायर एक्सलचं हाउसिंग टेकेपर्यंत खाली जाईल. तिथे रुंदी हवी आणि हवा कमी. ही दोन्ही रानं एका तालमीत शिकवून येत नाहीत, चालवूनच कळतात.

सहाशे-सोळा अजून माझ्या दुकानात आहे, कारण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला तेच माप लागतं. उसाच्या टायरगाडीला ८.००-१९ बसतो. लाकडी चाकापेक्षा तो ठेंगणा, पण रुंद. त्याच्यामुळेच ओल्या फडातून उसाची भरलेली गाडी बाहेर पडते.

आणि आता डिस्क परत मोठी होत चालली आहे. त्याला कारणं आहेत: मोठ्या ब्रेकला आत जागा लागते आणि हायवेच्या वेगात आखूड साइडवॉलची, म्हणजे टायरची बाजूची भिंत आखूड असलेली, गाडी वळणावर कमी डोलते. २०२०च्या थारला १६ इंचावर २४५/७५ आणि १८वर २५५/६५ टायर आले. २०२४च्या थार रॉक्सला १९वर २५५/६०. साइडवॉलची उंची काढून पाहा: अनुक्रमे १८४, १६६ आणि १५३ मिलिमीटर. अठरा आणि एकोणीसच्या चाकाची बाहेरची उंची सारखीच, ७८९ मिलिमीटर. डिस्क एक इंच वाढली तेव्हा गाडी तसूभरही उंच झाली नाही, फक्त हवेची जागा कमी झाली. एकोणिसाची साइडवॉल जुन्या सहाशे-सोळाएवढीच भरते, आणि तिच्यावर दीडपटीहून जास्त वजन बसलेलं असतं. दगडाळ वाटेवर हवा उतरवायची तर रबर आणि डिस्क यांच्यात अंतर लागतं. ते नसेल तर धोंडा थेट डिस्कला लागतो.

उंचीलाही किंमत आहे. २९ इंचांचं चाक काढून ३३चं घातलं की हाउसिंग जमिनीपासून दोन इंच वर जातं, हा फायदा खरा. पण ओढ बारा टक्क्यांनी कमी पडते, मीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५७ने पळत असते, आणि जुनी ओढ परत हवी तर ५.३८च्या जागी सहाच्या वरचं क्राउन-पिनियन लागतं. ब्रेकवर आणि स्टेअरिंगवरही भार वाढतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. गाडी वर्षातून जास्त दिवस कुठल्या मातीत जाते ते आधी ठरवा. त्या मातीला किती हवा चालते ते पाहा. हाउसिंग किती वर हवं आणि इंजिनाला किती ओढ आहे, यावरून टायरची उंची ठरवा. मग ब्रेकवर बसेल ती सगळ्यात लहान डिस्क घ्या. फोर्डने बारा वर्षांत सात इंच लोखंड कमी करून जी हवा कमावली, ती घाटात जाणाऱ्या माणसाने हौसेपायी परत देऊ नये.