५९ फोटो आणि फोटो ओळ एकही नाही

तालुक्याच्या गावाहून बातमी पाठवताना शेवटी आम्ही ‘फोटो ओळ’ लिहितो. गाव, प्रसंग, डावीकडून कोण कोण. बातमी कुणी वाचो न वाचो, ओळीत एखाद्याचं नाव राहिलं की सकाळी सातला फोन येतो. पत्रकारितेच्या डिप्लोमात हा विषय अर्ध्या तासात उरकला होता. या एका ओळीत किती ताकद असते, ते नीट कळलं एका अमेरिकन पुस्तकामुळे. पुस्तक १९७७ चं, नाव ‘एव्हिडन्स’, म्हणजे पुरावा. आत ५९ कृष्णधवल फोटो, आणि एकाखालीही ओळ नाही.

लॅरी सुल्तान आणि माइक मँडेल हे दोघे कॅलिफोर्नियातले तरुण कलाकार, सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये भेटलेले. कॅलिफोर्नियात तेव्हा कलाकारांनी स्वतःच पुस्तकं काढायची एक चाल पडली होती. भिंतीवर टांगायचं चित्र नाही, पुस्तक हीच कलाकृती. एड रुशे याने १९६३ मध्ये नुसत्या २६ पेट्रोल पंपांच्या फोटोंचं पुस्तक काढलं होतं. पण ते फोटो निदान काढलेले तरी होते. या दोघांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. दुसऱ्यांनी काढलेले, कपाटात पडलेले फोटो शोधायचे, एवढंच ठरवलं.

कपाटं कुणाची, ते महत्त्वाचं आहे. सरकारी खाती, पोलीस, अग्निशमन दल, अंतराळ संशोधनाच्या प्रयोगशाळा, अणुऊर्जेतल्या कंपन्या. दोघांना अमेरिकन सरकारच्या कला निधीचं अनुदान मिळालं होतं आणि त्या निधीचं पत्र हातात होतं. सरकारी कागद दाखवला की सरकारी दार उघडतं, हे सगळ्या देशांत सारखंच दिसतंय. दोन-अडीच वर्षं ते शंभरच्या आसपास कार्यालयांत गेले. पाहिलेल्या फोटोंचा आकडा वीस लाखांच्या घरात सांगितला जातो. त्यातून राहिले ५९.

आता फोटो कसले, ते सांगतो. एक माणूस अंतराळवीराचा पोशाख घालून ऑफिसच्या गालिच्यावर पालथा पडलाय. दुसऱ्यात डोक्यावर हेल्मेट घातलेली माणसं पांढऱ्या फेसात उभी आहेत. कुठे एक मोटार नुसती जळतेय. हे सगळं ज्यांनी टिपलं ते पगारी कर्मचारी होते, आणि आपल्याकडे जसं ‘छाया : अमुक’ छापतात तसं त्यांचं नाव कुठेच नाही. त्यांना कला करायची नव्हती. चाचणी झाली, नोंद हवी, काढला फोटो. मूळ फाईलमध्ये त्याला तारीख असेल, क्रमांक असेल, अहवाल असेल. तिथे तो अगदी शहाणा फोटो होता. फाईलमधून बाहेर काढला आणि वेडा झाला.

पुस्तकाचं रूपही मुद्दाम एखाद्या अहवालासारखं ठेवलंय, गंभीर आणि रुक्ष. सुरुवातीला संस्थांची यादी आहे. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, जनरल अॅटॉमिक कंपनी, सॅन होजेचं पोलीस खातं, अमेरिकेचं गृह खातं (हे आपलं पोलिसांवालं नव्हे, तिकडे ते जमिनी आणि जंगलं बघतं). अशी भारदस्त नावं वाचून आपण पान उलटतो आणि कुठला फोटो कुणाचा, याचा पत्ताच लागत नाही. शिक्का समोर आहे, पुरावाही समोर आहे, पण कशाचा पुरावा ते सांगणारं कुणी नाही. मी पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा दोन-तीन ठिकाणी हसू आलं. मग कसंतरी वाटलं. कारण प्रत्येक फोटोसाठी माझ्या डोक्यात आपोआप एक ओळ तयार होत होती, आणि ती बहुतेक वेळा संशयाची होती. इथे काहीतरी झाकलंय, असं.

हा संशय त्या काळातून येतो. निक्सन ऑगस्ट १९७४ मध्ये पायउतार झाले होते. त्यांच्या ऑफिसातल्या एका टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसली गेल्याचं आधीच उघड झालं होतं. मार्च १९७५ मध्ये केनेडींच्या हत्येची झाप्रूडर यांनी टिपलेली सव्वीस सेकंदांची फिल्म पहिल्यांदा देशभरच्या टीव्हीवर दिसली. एवढा सरळ पुरावा, सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिला, आणि वाद मिटायच्या ऐवजी वाढला. पाहणारा प्रत्येकजण आपापली ओळ सोबत घेऊन बसला होता. सुल्तान आणि मँडेल कपाटं उपसत होते ती हीच वर्षं. त्यांनी सरकारवर एक शब्द लिहिला नाही. सरकारचेच फोटो लोकांसमोर ठेवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं प्रदर्शनही १९७७ मध्येच झालं.

याच्या चार वर्षं आधी, १९७३ मध्ये, मायकल लेसी याने नेमकं उलटं केलं होतं. विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्लॅक रिव्हर फॉल्स या छोट्या गावातल्या फोटोग्राफरच्या जुन्या काचेच्या निगेटिव्ह त्याने घेतल्या आणि त्यांना जोडल्या १८९० च्या आसपासच्या त्याच गावातल्या वर्तमानपत्राच्या बातम्या. आत्महत्या, साथी, जाळपोळ, वेड लागणं. फोटो साधेच, कुटुंब नटून बसलेलं वगैरे. पण शेजारी त्या बातम्या आल्या की शांत चेहरेसुद्धा भयाण दिसतात. मी गावपातळीवरचा वार्ताहर, त्यामुळे मला हे पुस्तक जास्त लागलं. एकाने ओळ काढून घेतली, दुसऱ्याने चिकटवली. फोटो दोन्हीकडे बिचारा गप्पच.

माझी एक तक्रार आहे. त्या फेसात उभ्या माणसांवर हा थोडा अन्यायच आहे. ती आपलं काम करत होती, आणि काम कदाचित उपयोगाचंही असेल. संदर्भ कापला की कुणालाही येडं ठरवता येतं, हे राजकारण्यांचं दहा सेकंदांचं भाषण कापून फिरवणाऱ्यांना आज चांगलं माहीत आहे. फरक इतकाच की सुल्तान-मँडेल यांनी खोटी ओळ लावली नाही. त्यांनी जागा रिकामी ठेवली आणि ती आपण कशी भरतो, ते आपल्यालाच बघायला लावलं.

आपल्याकडे या रिकाम्या जागेवर मजुरी अवलंबून आहे. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइल अॅपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावायची, असा देशभर नियम झाला. फोटो म्हणजे पक्का पुरावा, हा हिशोब. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचे फोटो काढून चढवले जातायत. म्हणजे फोटो होता, तारीख होती, ठिकाण होतं. खड्डा खरंच कुणी खणला, हे सांगणारा माणूस तेवढा नव्हता. आणि उलटही होतंच. नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही, की राबलेल्या बाईची हजेरी गेली. तिच्याकडे हाताचे घट्टे आहेत, पण ते अपलोड होत नाहीत.

सुल्तान २००९ मध्ये गेले. त्याआधी २००३ मध्ये ‘एव्हिडन्स’ पुन्हा छापलं गेलं. त्यात काही फोटो वाढवले आणि सँड्रा फिलिप्स यांचा अभ्यासपूर्ण लेख जोडला. गालिच्यावर पालथा पडलेला तो माणूस त्या आवृत्तीतही तसाच आहे, आणि त्याच्याखाली अजून ओळ नाही.